ॲस्परॅगस लावायचा तर केव्हा आणि कसा?



वाई तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र गेल्या पंधरवड्यात आले. मजकूर थोडक्यात असा : घरची साडेतीन एकर जमीन, विहिरीचे पाणी, त्यावर ऊस, हळद आणि थोडे आले. धाकटे चिरंजीव शहरातली नोकरी सोडून घरी आले आहेत आणि त्यांनी मनावर घेतले आहे की उसाचे एक एकर मोडून तिथे ॲस्परॅगस लावायचा. रोपे पुरवणारे एक गृहस्थ घरी येऊन गेले. त्यांचे म्हणणे असे, की मृगाच्या पावसावर लावा, सहा महिन्यांत तोडणी सुरू होईल, आणि सगळा माल आम्हीच उचलू. रोपांची निम्मी रक्कम मात्र आगाऊ द्यायची. ताई विचारतात, ‘‘हे पीक आपल्या हवेत येते का? आणि येत असेल तर केव्हा लावावे? पैसे सोसायटीतून काढायचे आहेत म्हणून विचारते.’’

या शेवटच्या वाक्यामुळे दोन ओळींचे उत्तर पाठवून भागणार नाही असे वाटले. म्हणून आजचे सदर याच विषयाला देतो.

आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे वाचून होईपर्यंत कुणी आगाऊ रक्कम देऊन बसायला नको. वाई, कोरेगाव, जुन्नर, दिंडोरी अशा मध्यम हवेच्या पट्ट्यात ॲस्परॅगस येऊ शकतो. पण तो मृगावर लावायचा नाही, दसरा-दिवाळीच्या दरम्यान लावायचा. सहा महिन्यांत त्याला सुरी लावायची नाही. नीट माल दिसायला लागवडीनंतरची तिसरी जानेवारी उजाडते. आणि पहिल्या खेपेला एक एकर तर नाहीच नाही. पाच गुंठे पुरे.

आता सविस्तर.

ॲस्परॅगस या नावाने आपल्याकडे तीन निरनिराळ्या वनस्पती ओळखल्या जातात. फूलबाजारात गुच्छाला लावायची नाजूक, सुईसारखी हिरवी पालवी मिळते, तिलाही व्यापारी ॲस्परॅगसच म्हणतात. ती शोभेची जात. दुसरी आपली शतावरी. डोंगरातली काटेरी वेल, तिच्या मुळ्या औषधात जातात, आणि पावसाच्या तोंडी तिचे कोवळे कोंब डोंगराकडचे लोक रानभाजी म्हणून आणतात. तिसरा हा भाजीचा ॲस्परॅगस. त्याचे मूळ युरोप आणि पश्चिम आशियातले. तिघेही एकाच भावकीतले खरे, पण भावकीतल्या सगळ्या माणसांचा स्वभाव सारखा असतो असे कुठे आहे? लहान रोपे दिसायला इतकी जवळची असतात की एकाच्या नावावर दुसरे गळ्यात मारणे अवघड नाही. म्हणून रोपे विकत घेताना त्याच माणसाकडची दोन-तीन वर्षांची मोठी झाडे दाखवायला सांगा. शतावरीच्या जुन्या खोडाला काटे असतात, भाजीच्या जातीला नसतात. झाडे दाखवायला कुणी टाळाटाळ केली तर तिथून उठून यावे.

हे पीक समजून घ्यायचे तर जमिनीच्या खाली पाहावे लागते. वर दिसतो तो पाला, बडीशेपेच्या पाल्यासारखा पण उंच, चार-पाच फूट वाढणारा. खाली असतो गड्डा. हळदीच्या गड्ड्याशी त्याची तुलना करू नका. हळद आपण खणून काढतो, हा गड्डा दहा-बारा वर्षे जागचा हलवायचा नसतो. गड्ड्याला बोरूएवढ्या जाड, मांसल मुळ्या असतात आणि डोक्यावर डोळे. पाला उन्हात साखर तयार करतो, ती मुळ्यांत साठते. मग विश्रांती संपली, की त्या साठ्याच्या जोरावर डोळे फुटतात आणि बोटाएवढे जाड कोंब जमिनीतून सरळ वर येतात. हे कोंब म्हणजेच भाजी. कापले नाहीत तर त्यांचाच पुढे पाला होतो. म्हणजे पाला ही झाडाची कमाई आणि कोंब हा खर्च. पहिल्या वर्षी गड्ड्यात जमा काही नसते, आणि त्या वेळी जो कोंब कापतो तो भांडवलच कापतो. सहा महिन्यांत तोडणीची भाषा करणाऱ्याला एक तर हे ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून त्याला रोपे खपवायची आहेत.

आपल्या सातारा भागातल्या तरुणांची समजूत का फसते तेही मला कळते. शेजारी महाबळेश्वर-पाचगणीकडे स्ट्रॉबेरी ते पाहतात. पावसाळा सरताना लावली की डिसेंबरात फळ परडीत. ॲस्परॅगस त्या जातीचा नाही. त्याचा हिशेब करायचा तर आंबा, डाळिंब, द्राक्ष यांच्या रांगेत बसवून करावा.

आता हवेचा प्रश्न. मूळचे हे थंड देशांतले पीक. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडते, पाला आपोआप जळतो, गड्डा झोपी जातो आणि वसंतात जागा होतो. जर्मनीत मातीची भर देऊन पांढरे कोंब काढतात, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे २४ जूनला तोडणी थांबते. बाजारात मागणी असली तरी थांबते. कारण उरलेला उन्हाळा पाल्याला मिळाला नाही तर पुढच्या वर्षी कोंब कशाच्या जोरावर येणार? आपल्याकडे बर्फ नाही, मग या गड्ड्याला झोपवायचे कसे? याचे उत्तर दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने दिले आहे. तिथल्या इका भागात समुद्राजवळचे वाळवंट आहे, पाऊस जवळजवळ नाही, कडक थंडी नाही. तिथले शेतकरी ठिबकचे पाणी बंद करतात. पाला पिवळा पडतो, तो कापतात, पुन्हा पाणी सोडतात, आणि कोंब उगवतात. या पद्धतीने पेरू ताज्या ॲस्परॅगसचा जगातला एक मोठा निर्यातदार झाला. (त्याच इकामध्ये बेसुमार उपशाने भूजलाची पातळी खाली गेली हेही विसरू नये.) वाचकांच्या लक्षात आलेच असेल, की हे आपल्याला नवीन नाही. डाळिंबाला ताण देऊन बहार धरतो तेच हे. द्राक्षवाले तर एप्रिलच्या छाटणीने काडी तयार करतात आणि ऑक्टोबरच्या छाटणीने घड घेतात. कमाईचा काळ आणि खर्चाचा काळ वेगळा ठेवायचा हे त्यांना सांगायला नको.

थंडीही नाही आणि कोरडा ताणही देता येत नाही, अशा तैवान-थायलंडसारख्या दमट मुलखांत तिसरी रीत आहे. प्रत्येक गड्ड्यावर तीन ते पाच कोंब वाढू देतात, त्यांना मायखोड म्हणू, आणि त्यांच्या बाजूने येणारे बाकीचे कोंब कापत राहतात. मायखोडे जुनी झाली की ती काढून झाडाला विश्रांती देतात आणि नवी वाढवतात. आपल्या देशावरच्या मध्यम हवेला मात्र पेरूची रीत अधिक मानवेल असे माझे मत आहे, कारण आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पाऊस नसतो, आणि रात्री थंडही असतात. ताण आणि थंडी दोन्ही एकत्र मिळतात. कोकण आणि गोव्याकडच्या बंधूंना मी हे पीक शेतावर सुचवणार नाही. एवढ्या पावसात गड्डा टिकवणे कठीण. विदर्भ-मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्याच्या भागातही उघड्या रानात नको.

आता केव्हा लावायचे ते सांगतो. मृगावर का नको? पावसाळ्यात लावलेले कोवळे रोप चार महिने ओल्या मातीत उभे राहते. त्याची मुळे अजून धरलेली नसतात, वरून पाला सतत भिजलेला. मर रोगाची बुरशी मातीतून येते आणि खोडावरचा करपा पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतो. भिजक्या हवेच्या आशियाई देशांत या खोडकरप्याने फार नुकसान होते, म्हणून जपानात बरेच शेतकरी हे पीक प्लॅस्टिकच्या छपराखाली घेतात. उलट हस्त-चित्रा नक्षत्रे सरली, रान वापशावर आले, की ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरभर लावलेल्या रोपाला पुढचा पाऊस येईपर्यंत सात महिने मिळतात. तेवढ्यात गड्डा बांधला जातो आणि पुढच्या पावसाला तोंड द्यायची ताकद येते.

मग मधले पावसाळ्याचे महिने वाया घालवायचे का? नाही. तेव्हाच बी पेरायचे, पण छपराखाली. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला बी चोवीस तास कोमट पाण्यात भिजवा, मधे एकदा पाणी बदला. ट्रेमध्ये किंवा पिशव्यांत कोकोपीट आणि चांगले कुजलेले चाळलेले खत भरून पाऊण इंच खोल एकेक बी टोका. छप्पर प्लॅस्टिकचे हवे आणि बाजू मोकळ्या. हे बी आळशी आहे. मेथी-मुळ्यासारखे चार दिवसांत उगवेल म्हणून बसाल तर निराश व्हाल. दोन ते चार आठवडे लागतात, काही बी त्याहूनही मागे राहते. तोवर ट्रे ओलसर ठेवायचा, चिखल करायचा नाही. पुढे दहा-बारा आठवड्यांत रोप वीतभर होते, तीन-चार काड्या येतात, आणि दिवाळी जवळ आलेली असते.

पाच गुंठ्यांसाठी बी किती? ओळीत पाच फूट आणि रोपांत दीड फूट अंतर धरले तर गुंठ्याला सुमारे १४५ रोपे बसतात, पाच गुंठ्यांना सुमारे ७२५. एका ग्रॅममध्ये ४० ते ५० बिया येतात. न उगवणारे, मागे राहणारे धरून २५ ग्रॅम बी पुरते. म्हणजे घरी रोपे करणे काही अवघड काम नाही. ताई, एकराला हीच रोपे सुमारे ५,८०० लागतात. त्या गृहस्थांनी सांगितलेला दर मी इथे छापत नाही, पण त्याला या आकड्याने गुणून पाहा आणि तो आकडा चिरंजीवांसमोर ठेवा.

वाणांविषयी एवढेच, की मेरी वॉशिंग्टन हा अमेरिकेतला जुना वाण तांबेरा रोगाला तोंड देण्यासाठी शंभर वर्षांपूर्वी तयार झाला आणि अजून घरगुती बागांत लावतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा यूसी १५७ हा संकरित वाण उष्ण भागांत चालतो. पेरूतही त्याची लागवड झाली. बी घेताना पाकिटावरची तारीख बघा आणि पावती घ्या. संकरित वाणाच्या झाडावरचे बी धरून पुढे पेरू नये.

जमिनीच्या बाबतीत निचरा पहिला, बाकी सगळे नंतर. पोयट्याची किंवा मध्यम काळी, हात-दीड हात खोल भुसभुशीत जमीन चांगली. सामू साडेसहा ते साडेसात असावा, म्हणजे डोंगरमाथ्यावरची तांबडी आंबट माती चुना घातल्याशिवाय उपयोगी नाही. थोडीफार खारवट जमीन हे पीक इतर भाज्यांपेक्षा बरी सोसते, पण साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. साताऱ्याच्या शेतकऱ्यांना एक सोपी खूण सांगतो. ज्या तुकड्यात आल्याला कंदकूज लागते, तो तुकडा या पिकाला देऊ नका. रोग एकच असतो म्हणून नव्हे, तर तिथे पाणी थांबते म्हणून. (युरोपात पूर्वी बागाईतदार तणाला मारायला ॲस्परॅगसच्या वाफ्यात मीठ टाकीत. ते वाचून कुणी मीठ टाकू नये. आपल्या जमिनी आधीच पाटाच्या पाण्याने क्षारपड होत आहेत.)

दुसरी गोष्ट तणाची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बागा बहुधा इथेच बुडतात. एकदा गड्डा लावला की त्या पट्ट्यात पुढे दहा वर्षे नांगर घालता येत नाही. म्हणून लव्हाळा, हरळी, कुंदा यांतले काहीही रानात असताना लागवड केली तर आयुष्यभर खुरपे हातात घेऊन बसावे लागेल, आणि ते बसणे घरातल्या बायकांच्या वाट्याला येते हे आपण जाणतोच. लावायचा निर्णय चिरंजीवांनी घ्यायचा आणि लव्हाळा सासूसुनांनी काढायचा, असा प्रकार मी बऱ्याच गावांत पाहिला आहे. तेव्हा एप्रिलमध्ये खोल नांगरट करून ढेकळे उन्हात तापू द्या. लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या काशा वेचून बांधावर नव्हे, तर रानाबाहेर नेऊन जाळा. जूनमध्ये ताग पेरा आणि फुलावर यायच्या आत गाडा. तोपर्यंत छपराखाली रोपे वाढत असतातच. लव्हाळा तरीही डोके काढत असेल तर लागवड एक वर्ष पुढे ढकला. वर्ष गेले तरी चालेल, रान मोकळे हवे.

पाच गुंठ्यांना कुजलेले शेणखत दोन ते तीन गाड्या लागते. त्यात ट्रायकोडर्मा मिसळून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवले तर उत्तम. रासायनिक खताचे प्रमाण इथे लिहीत नाही. माती तपासून घ्या आणि पत्रिकेप्रमाणे द्या.

पुस्तकांत फूटभर खोल चर खणायला सांगितलेला असतो. ती पुस्तके कमी पावसाच्या, हलक्या जमिनीच्या देशांतली. आपल्या काळ्या जमिनीत असा चर पावसात पाण्याने भरेल आणि गड्डा कुजेल. म्हणून आले-हळदीला करता तसे रुंद, उंच गादीवाफे करा, आणि त्या गादीच्या मधोमध चार-पाच इंचांची नाळ काढा. रोप नाळेच्या तळाशी लावा, फक्त मुळांवर माती ओढा. रोप जसे उंच होईल तशी दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी माती सारत दोन महिन्यांत नाळ भरून घ्या. गड्डा खोल राहिला की कोंब सरळ आणि जाड येतात. सगळी माती एकदम लोटली तर कोवळ्या काड्या दबून मरतात. विकतचे वर्षभर वाढवलेले गड्डे मिळाले तर मुळ्या पंख्यासारख्या पसरून डोळे वर ठेवून लावावे, आणि लावल्यावर दोन इंचच माती घालावी. वाळलेले, वळ्या पडलेले किंवा बुरशीचा वास येणारे गड्डे फुकट मिळाले तरी आणू नयेत.

लगेच आंबवणी, चौथ्या-पाचव्या दिवशी चिंबवणी, पुढे जमीन पाहून आठवड्याने पाणी. ठिबक असेल तर सर्वांत बरे, कारण पाला कोरडा राहतो. पहिल्या हिवाळ्यात ओळींमधल्या मोकळ्या जागेत मेथी, कोथिंबीर, मुळा घ्यायला हरकत नाही. खुरपणीचा खर्च निघतो. ओळीच्या अगदी जवळ मात्र काही लावू नये.

पावसाळ्यात पाला उंच होऊन वाऱ्याने लोळतो, म्हणून दोन्ही बाजूंनी सुतळीचा आधार द्या. खोडावर लांबट तपकिरी डाग आणि त्यात काळे ठिपके दिसले तर ती काडी बुडापासून कापून जाळा. तिथेच टाकाल तर पुढच्या सरीने शेजारच्या झाडावर जाईल. फवारणी लागली तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या रोगतज्ज्ञाला काडी दाखवूनच करावी.

आता जानेवारीचा विचार. लागवडीनंतर दोन-अडीच महिन्यांत येते ती पहिली जानेवारी सोडून द्या. त्या हिवाळ्यात ताणही नको, तोडही नको, नुसती वाढ. पुढचा पावसाळा झाला, की डिसेंबरात पाणी तोडा. तीन-चार आठवड्यांत पाला पिवळा पडेल. तो हिरवा असताना कापू नका. पिवळा होताना त्यातला रस गड्ड्यात उतरत असतो. पूर्ण पिवळा झाला की जमिनीलगत कापून रानाबाहेर न्या, वरून कुजलेले खत द्या आणि पाणी सोडा. काही दिवसांत कोंब दिसू लागतील. या दुसऱ्या जानेवारीला फक्त दहा-पंधरा दिवस तोड करायची, तीही जाड कोंबांचीच, आणि थांबायचे. तिसऱ्या जानेवारीला चार-पाच आठवडे. चौथ्यापासून सहा आठवडे, रान भारी असेल तर थोडे जास्त. महिन्याकडे बघायचे नसेल तर झाडाकडे बघा. येणारे बहुतेक कोंब पेन्सिलीपेक्षा बारीक होऊ लागले, की गड्डा रिकामा होत आला असे समजावे आणि त्याच दिवशी सुरी ठेवून द्यावी. तसेही मार्चच्या मध्यानंतर ऊन तापले की कोंबाची टोके लवकर उलगडतात आणि भाजीत दोरा येतो. मार्चपासून डिसेंबरपर्यंतचा काळ पाल्याचा आहे, त्याला पाणी आणि खत द्यायला विसरू नये. पीक संपले असे समजून उन्हाळ्यात रान तहानलेले ठेवले, तर पुढच्या वर्षी कोंब काडीएवढे येतील.

तोडणी पहाटे किंवा सकाळी लवकर करायची. वीतभर वाढलेले, टोक घट्ट मिटलेले कोंब जमिनीच्या पातळीवर धारदार सुरीने कापायचे, शेजारचा उगवता डोळा दुखवायचा नाही. उन्हाच्या दिवसांत काल बोटभर दिसलेला कोंब आज हातभर होतो, म्हणून रोज फेरी मारावी लागते, लग्नकार्य असले तरी. कापल्यावर लगेच गार पाण्यात बुडवून, जुड्या बांधून, बुडखे ओल्या फडक्यात ठेवून सावलीत उभ्या ठेवा. ही भाजी काही तासांत गोडी गमावते.

आता बाजाराकडे वळू. पूर्ण वाढलेल्या झाडापासून हंगामात पाव किलो माल हा सावध अंदाज धरू. ७२५ झाडांचे १८० किलो, तेही चौथ्या हंगामात. पंचेचाळीस दिवसांवर वाटले तर रोजचे चार किलो. आता चार किलो माल घेऊन वाईहून रोज पुण्याला कोण जाणार? पाचगणी-महाबळेश्वरच्या हॉटेलांत दोन-तीन गिऱ्हाइके बांधली, किंवा गावातल्या पाच-सहा जणांनी एकत्र येऊन एका गाडीत माल पाठवला, तरच जमेल. ही विचारपूस बी पेरायच्या आधी करायची. हॉटेलच्या खरेदीवाल्याला भेटा, जाडी कोणती हवी, रोज किती घेणार, पैसे किती दिवसांनी देणार, हे लिहून आणा. माल उचलण्याचा करार कुणी पुढे केला तर त्यात भाव, प्रत, आणि माल न उचलल्यास भरपाई हे तीन मुद्दे आहेत का ते पाहा. फक्त रोपांची किंमत ठळक लिहिलेली असेल तर तो रोपे विकण्याचा कागद आहे. २००० सालानंतर सफेद मुसळीचे आणि पुढे इमू पक्ष्यांचे काय झाले ते आपल्या गावांनी पाहिले आहे. बेणे आणि पिले विकणाऱ्यांचा धंदा झाला, आणि माल घेऊन उभ्या राहिलेल्याला गिऱ्हाईक मिळाले नाही.

मोठ्या देशांतल्या शेतकऱ्यांचीही या पिकात ओढाताण झाली आहे. १९९१ साली अमेरिकेने कायदा करून पेरूसारख्या अँडीज पर्वताकडच्या देशांच्या मालाला आयातकरात सवलत दिली. त्यानंतर स्वस्त ताजा माल येत गेला, आणि कॅलिफोर्निया व वॉशिंग्टन या राज्यांतले क्षेत्र घटत गेले. एकेक कोंब वाकून हाताने कापायचा असतो, तेव्हा मजुरी हाच मोठा खर्च. आपल्याकडे पाच गुंठे घरच्या चार हातांत निभतात. एकराला रोज सकाळी माणसे लावावी लागतील, आणि तीही ऊसतोडीच्या ऐन हंगामात. म्हणून ताई, ऊस मोडू नका. विहिरीजवळच्या चांगल्या निचऱ्याच्या तुकड्यातले पाच गुंठे चिरंजीवांच्या नावे करून द्या, कर्ज न काढता. त्यांना या वर्षी बी पेरू द्या. तीन हंगाम ते टिकले आणि गिऱ्हाईक टिकले, तर पुढचे रान त्यांनी मागावे. जुन्या बागेची जागा मात्र पुन्हा याच पिकाला देऊ नये, तिथे मर रोग लवकर येतो.

एक सावधगिरी. या पिकात नर झाडे वेगळी आणि मादी झाडे वेगळी असतात. मादी झाडाला पावसाळ्याच्या शेवटी हिरवी आणि मग लालभडक, वाटाण्याएवढी फळे लागतात. ती खाण्याची नाहीत, खाल्ल्यास पोट बिघडते. लहान मुले गुंज समजून वेचतात, तेव्हा लक्ष ठेवा. शिवाय ती गळून बी उगवते आणि ओळीत आपलेच तण होते. नर झाडांना कोंब संख्येने जास्त येतात. म्हणून ज्याला जमेल त्याने रोपे दाट वाढवून, पहिले फूल पाहून नर झाडांवर खुणेचा दोरा बांधावा आणि पुढे नांगी भरताना नर गड्डे घालावेत.

घरी खायला म्हणाल तर दहा-पंधरा झाडे परसात पुरतात. बुडख्याकडचा बोटभर भाग चिवट असतो, तो वाकवला की आपोआप मोडतो तिथून काढून टाका; टाकू नका खरे तर, आमटीच्या पाण्यात उकळून गाळून घ्या. बाकीचे कोंब बोटभर तुकडे करून, तेलात जिरे-लसणाची फोडणी देऊन, झाकण न ठेवता चार-पाच मिनिटे परतायचे आणि शेवटी मीठ. शेवग्याच्या फुलांसारखी किंचित कडसर, किंचित गोड चव लागते. डाळीचे पीठ पेरूनही चांगली होते. जास्त शिजवली की मेणासारखी होते, मग मुले ताटात शिवत नाहीत.